सलगमाची हकीकत

मुंबई–चेन्नई लोहमार्गावर जेऊर आणि कुर्डुवाडी यांच्या दरम्यान केम नांवाचें गांव लागतें. कुंकवाच्या धंद्यामुळें हें नांव पुष्कळांच्या कानावरून गेलें असेल. या गांवाचा सलगमाशीं कांहीं संबंध असेल, असें मात्र कोणाच्या स्वप्नींहि येणार नाहीं. माझ्यापुरता तो संबंध आला इतिहासाच्या तासाला.

युरोपांतील शेतकी क्रांतीचा भाग शिकवितांना टाऊनशेंड या इंग्रज उमरावाचें नांव मी घेत असें. त्यानें सलगमाची लागवड रूढ केली आणि इंग्लंडच्या शेतीचें रूप पालटलें, एवढें एक वाक्य सांगून मी पुढच्या शोधाकडे वळें. एके वर्षीं एका कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलानें उभें राहून विचारलें, “गुरुजी, एका कंदानें तिकडं एवढं झालं, तर आपल्याकडं तो कां लावीत न्हाईत?” वर्ग हंसला, मीहि हंसलों. “आपल्याकडे तसें हवामान नाहीं,” असें मोघम सांगून मीं पान उलटलें. उत्तर ठाऊक नसलें कीं मास्तर हवामानाला पुढें करतो! त्या मुलाचें देणें आज फेडावयाचें आहे.

प्रथम टाऊनशेंडचें श्रेय थोडें उतरविणें भाग आहे. दुसरा व्हायकाउंट चार्ल्स टाऊनशेंड (१६७४–१७३८) हा मूळचा मुत्सद्दी. १७३० सालीं मंत्रिपद सोडून तो नॉर्फक परगण्यांतील रेनम येथील आपल्या जहागिरीवर जाऊन राहिला. सलगमाचा त्याला एवढा नाद कीं लोकांनीं त्याचें नांवच ‘सलगम टाऊनशेंड’ पाडलें. परंतु मृत शेतकऱ्यांच्या मालमत्तेच्या जुन्या याद्या इतिहासकारांनीं तपासल्या, तेव्हां सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांतच नॉर्फकच्या शेतांत गुरांच्या वैरणीसाठीं सलगम येत होता, असें आढळून आलें. अनाम कुणब्यांचें काम उमरावाच्या खात्यावर जमा झालें, दुसरें काय!

आतां सलगमानें केलें काय तें पाहूं. त्या पद्धतींत एकाच शेतांत चार वर्षें क्रमानें गहूं, सलगम, जव आणि क्लोव्हर ही शेंगवर्गीय वैरण घेत. सलगम उन्हाळ्याच्या मध्यास, म्हणजे जून-जुलैच्या सुमारास पेरीत. तो ओळींत असला कीं मधली खुरपणी होई व तण मरे. हिंवाळ्यांत गवत संपलें कीं मेंढ्या त्याच शेतांत सोडीत. त्या कंद खात आणि खत टाकीत. पूर्वी तण मारण्यासाठीं व जमिनीला विसांवा देण्यासाठीं शेत वर्षभर पडीक ठेवावें लागे. तीं दोन्ही कामें भागल्यावर पडीक ठेवण्याची गरज सरली.

मग हें केमला कां होऊं नये? नॉर्फक हा इंग्लंडांतला कोरडा मुलूख. तेथें वर्षाला सहाशें ते सातशें मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या करमाळा तालुक्याचा आंकडाहि साडेपांचशेंच्या आगेंमागें आहे. हे आंकडे शेजारीं शेजारीं ठेवले तेव्हां माझें वर्गांतलें उत्तर किती पोकळ होतें तें मला कळलें. फरक पावसाच्या मापांत फारसा नव्हता; तो पडण्याच्या रीतींत होता. त्यांचा पाऊस गार हवेंत बारा महिने थोडा थोडा झिरपतो. आमचा बहुतेक चार महिन्यांत उरकतो, तोहि मधें मोठे खंड पाडून, आणि त्याचा भरंवशाचा भाग येतो सप्टेंबरांत.

यामुळें आमचें पडीक व त्यांचें पडीक हीं दोन निरनिराळीं प्रकरणें झालीं. रब्बीचें काळें रान आम्ही पावसाळाभर मोकळें ठेवतों तें पाणी सांठविण्यासाठीं. मृगापासून कुळवाच्या पाळ्या घालावयाच्या, पडेल तो थेंब जमिनींत मुरवावयाचा आणि हस्ताच्या आगेंमागें ज्वारी पेरावयाची. पुढें सारें पीक त्या पोटांतल्या ओलीवर पोसतें. त्या मोकळ्या काळांत सलगम घातला तर तो ज्वारीचें पाणी पिऊन जाईल! १९७२ च्या दुष्काळांत मी शाळकरी मुलगा होतों. खडी फोडण्याच्या कामावर मिळणारी सुकडी आणि परदेशांतून आलेली तांबडी मिलो खाल्लेल्या पिढीला ओलीची किंमत सांगावी लागत नाहीं. जर्मनींत बटाटा बुडाला तेव्हां १९१६–१७ चा हिंवाळा लोकांनीं सलगमाच्या एका चुलत भावावर, गुरांच्या कंदावर, काढला. मिलोची चव आठवली कीं मला त्या लोकांची कींव येते.

आणि क्लोव्हरचें काम? तें आमच्याकडे हरभरा आणि तूर करीत आलीं आहेत. त्याला आपला कुणबी बेवड म्हणतो. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गांठींत हवेंतला नत्र धरला जातो, हें हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनीं १८८६–८८ मध्यें सिद्ध केलें. बेवडाचा गुण शेतकऱ्याला त्याआधींच ठाऊक होता. पाभरीची गोष्ट तशीच. जेथ्रो टलनें अठराव्या शतकाच्या आरंभीं पेरणीचें यंत्र केलें हें आम्ही मुलांना शिकवितों. परंतु कॅप्टन हॅल्कॉट या इंग्रज अधिकाऱ्यानें १७९५ च्या सुमारास दक्षिण हिंदुस्थानांत रयतेची साधी पाभर पाहिली, आणि आपण ज्याला युरोपचा नवा शोध समजत होतों तो येथें जुनाच आहे, हें त्याला आढळलें.

म्हणून सर्व जुनें तेंच सोनें, असें मात्र मी म्हणणार नाहीं. १९३३ सालीं सोलापुरास कोरडवाहू शेतीचें संशोधन सुरू झालें आणि ओल राखण्याच्या रीतींचीं मापें तेथें घेतलीं गेलीं. आमच्या भागाच्या घरोघरीं पोंचलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारीहि आमच्याच जिल्ह्यांतील मोहोळची निवड आहे.

शेतांतून सलगम बाद झाला. परसांतून व्हावयास नको. पण तेथेंहि मीं एकदां फजिती करून घेतली. एका इंग्रजी पुस्तकांत मार्च-एप्रिलची पेरणी वाचली आणि आपण महिनाभर अलीकडे यावें अशा हिशेबानें फेब्रुवारीच्या मध्यास बीं टाकलें. मार्चअखेर वर पानांचा रानवा आणि खालीं बोटाएवढ्या तिखट, दोरेदार मुळ्या! म्हशीनेंहि हुंगून मान फिरविली.

या कंदाला पंधरा ते वीस अंश उष्णता मानवते. तेव्हां आपल्याकडे चित्रा-स्वाती नक्षत्रांत, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून, पेरावें आणि पंधरा-पंधरा दिवसांनीं डिसेंबरच्या आरंभापर्यंत थोडें थोडें पेरीत राहावें. पुसा कांचन किंवा पुसा श्वेती हे वाण थोडी ऊब सोसतात. जांभळ्या माथ्याच्या विलायती वाणाला थंडी हवी. काळी जमीन चिकट, म्हणून वरंब्यावर, चांगलें कुजलेलें शेणखत व पोयटा मिसळून, ओळींत फूटभर अंतर ठेवून बीं अर्ध्या इंचाहून खोल जाऊं देऊं नये. ताजें शेण घातलें तर कंदाला फांटे फुटतात. दोन-तीन आठवड्यांनीं रोपें चार बोटांच्या अंतरानें विरळावीं. उपटलेल्या पाल्याची भाजी होते. पाणी नेमानें द्यावें, कारण ताण देऊन एकदम पाणी सोडलें कीं कंद तडकतो. पन्नास-साठ दिवसांत मोठ्या लिंबाएवढा झाला कीं काढावा. वाढूं दिला तर लांकूड होतो. शहरांतील मंडळींना वीतभर खोल कुंडीहि पुरते.

तो प्रश्न विचारणारा मुलगा आतां चाळिशी ओलांडलेला बागाईतदार आहे. परवां तो भेटला तेव्हां मीं त्याला हें सारें उत्तर सांगितलें. त्यानें ऐकून घेतलें आणि म्हणाला, “आमचा आजा म्हनायचा, गुरुजी, रान मोकळं नसतंय, पानी पीत असतंय.” मग माझ्या वाफ्यांतले चार कंद घेऊन तो गेला. त्याच्या घरीं त्यांची भाजी कशी लागली, तें अद्याप कळलें नाहीं.