विंडोज एक्सपी आणि रेडीच्या पावसाची नोंद

माझं पीएचडीचं काम किनारी कोकणातल्या अतिवृष्टीवर आहे. त्यातली मला सगळ्यात जवळची आकडेवारी रेडीच्या आमच्या घरातली. अण्णा, म्हणजे माझे मोठे काका, निवृत्त शिक्षक. अंगणातल्या पर्जन्यमापकात रोज सकाळी पाऊस मोजायचे आणि कॉम्प्युटरवर टाइप करायचे: तारीख, मिलिमीटर, शेरा. अण्णा गेल्यावर ती फाइल मी लॅपटॉपवर उघडली. आकडे नीट दिसले, पण शेऱ्यांच्या रकान्यात रोमन अक्षरं आणि चिन्हांची नुसती खिचडी.

जुलैतल्या एका दिवसापुढे 0 होता. आदल्या दिवशी बऱ्यापैकी पाऊस, दुसऱ्या दिवशी प्रचंड. हे शून्य खरं का? उत्तर असलं तर त्या खिचडीत.

ही खिचडी का होते, ते बघण्यासाठी जरा मागे जावं लागेल. डॉसच्या काळात पुण्याच्या सीडॅकचं जिस्ट कार्ड होतं. कॉम्प्युटरमध्ये ते बसवलं की डॉसच्या नेहमीच्या प्रोग्रॅममध्येही देवनागरी दिसायची. अक्षरं इस्की या पद्धतीने साठवली जायची, 1991 मध्ये ते भारतीय मानकही झालं. म्हणजे 'क' हा आत खरोखर 'क'च असायचा. मग विंडोज 95 आणि 98 आली, डीटीपी वाढलं आणि फॉन्टचं राज्य सुरू झालं. विंडोज 98 ला देवनागरी कळतच नव्हती. फॉन्टवाले रोमन अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवायचे. डोळ्यांना मराठी, मशीनला रोमन. त्यात प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी.

25 ऑक्टोबर 2001 ला एक्सपी आली. अण्णा तिच्यावर खूश होते, आणि त्याला कारण होतं. पावसाळ्यात रेडीत वीज कधी जाईल याचा नेम नाही. 98 वर लाइट गेली की पुन्हा सुरू करताना डिस्क तपासणी चालायची, कधी फाइलच बिघडायची. एक्सपीसोबत एनटीएफएस वापरलं तर डिस्कवरच्या बदलांची नोंद ठेवली जायची आणि घडी पुन्हा बसायची (सेव्ह न केलेलं जायचंच म्हणा). एक प्रोग्रॅम अडकला म्हणून सगळं मशीन बंद पडणंही कमी झालं. सुरक्षेच्या नावाने मात्र बोंब. घरी वापरणारा बहुधा ॲडमिनिस्ट्रेटरच असायचा आणि पेनड्राइव्ह लावला की व्हायरस घरात. 8 एप्रिल 2014 ला मायक्रोसॉफ्टने तिचा सपोर्ट थांबवला. तरी एटीएममधून एक्सपी काढण्यासाठी रिझर्व्ह बँकेला 2018 मध्ये बँकांना मुदत घालून द्यावी लागली.

पण मराठीपुरतं बोलायचं तर माझ्या मते तिचा मोठा दोष दुसराच होता. एक्सपीला युनिकोड मराठी येत होती, फक्त ती झोपलेली होती! कंट्रोल पॅनेलमध्ये भाषांच्या पानावर एका चौकोनात टिक करायची, मग ती विंडोजची सीडी मागायची. असेंबल केलेल्या पीसीसोबत सीडी किती जणांकडे असायची? शिवाय मराठीसाठी कीबोर्ड मिळायचा तो इनस्क्रिप्टचा, आणि टायपिंग शिकलेल्यांची बोटं रेमिंग्टनवर बसलेली. सोबतच्या मंगल फॉन्टमधले ल आणि श हिंदी वळणाचे. उलट जुने फॉन्ट एक्सपीवर मुकाट चालत. जुनं सगळं चालवून घेण्याचा तिचा गुण आपण इतका वापरला, की युनिकोडकडे जायची घाईच कुणाला वाटली नाही. टिक करण्याची कटकट पुढे 2007 च्या व्हिस्टात गेली, तोवर अण्णांच्या चार पावसाळ्यांचे शेरे त्या फॉन्टमध्ये जाऊन बसले होते.

गणपतीच्या सुट्टीत रेडीला गेलो, जुना पीसी पुसून सुरू केला. इंटरनेट अर्थातच जोडलं नाही. फाइल उघडली आणि शेरे लख्ख मराठीत. त्या शून्यापुढे होतं: "वेंगुर्ल्यास दवाखान्यात. मोजले नाही."

म्हणजे दुसऱ्या दिवशीचा आकडा दोन दिवसांच्या पावसाचा होता. मी तो अतिवृष्टीच्या यादीत धरून बसलो होतो. फॉन्टची फाइल पेनड्राइव्हवर घेतली आहे, कुठलं चिन्ह म्हणजे कुठलं मराठी अक्षर याचा तक्ता करतोय. बाकीची शून्यं अजून तपासायची आहेत.