‘आनंदी’ नाव ठेवावं का?

जुनी नावं परत येऊ लागली आहेत. रमा, उमा, राधा, गार्गी. आजीची म्हणून एकेकाळी बाजूला टाकलेली नावं आता नाती मिरवतात. त्या ओघात ‘आनंदी’ही आलं. आमच्या नात्यातल्या एका घरी मुलगी झाली. नक्षत्र कृत्तिका, त्यामुळे ‘अ’वरून नाव शोधणं सुरू झालं. अनन्या, अन्वी अशी यादी निघाली. वर्गात तीन-तीन अनन्या असतात म्हणून तेही मागे पडलं आणि मुलीच्या आईनं ‘आनंदी’ सुचवलं. सगळ्यांना आवडलं. तेवढ्यात घरातल्या वडीलधाऱ्या आत्या म्हणाल्या, ‘‘अगं, ‘ध’चा ‘मा’ करणारीचं नाव ठेवतेस लेकीला?’’ झालं. बारसं दोन दिवसांवर आलेलं आणि घरात दोन तट. मी थोडाफार इतिहास वाचतो म्हणून मला फोन आला. नाव पुढे आनंदीच ठेवलं, हे आधीच सांगून टाकतो. पण त्या फोनवर जे घाईत बोललो, ते जरा सविस्तर सांगण्यासारखं आहे.

आत्यांच्या मनात होती ती आनंदीबाई पेशवे. रघुनाथरावांची, म्हणजे राघोबादादांची बायको. माहेरची ओक. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणपतीच्या दिवसांत, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. वय जेमतेम अठरा. पेशवेपदावर येऊन वर्षही झालं नव्हतं. सुमेरसिंग गारद्याची माणसं वाड्यात घुसली आणि जीव वाचवायला चुलत्यापाशी धावलेल्या पुतण्याला त्यांनी तिथंच मारलं. चुलते रघुनाथराव तेव्हा त्याच वाड्यात नजरकैदेत होते. गारद्यांना दिलेल्या हुकमात ‘नारायणरावास धरावे’ असं होतं, आनंदीबाईनं ‘ध’ खोडून ‘मा’ केला आणि ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं, ही गोष्ट मराठी मुलाला वेगळी शिकवावी लागत नाही. कागदात फेरफार करणाऱ्या कुणालाही आपण आजसुद्धा ‘ध चा मा केला’ असंच म्हणतो.

आता याला पुरावा काय? रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि खुनाचा दोष ठेवला तो रघुनाथरावांवर. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली छापला गेला, म्हणजे खुनानंतर त्रेपन्न वर्षांनी. हुकमातला शब्द बदलल्याची हकीकत त्यात आहे. पण तो बदल आनंदीबाईनं केला हे सांगताना डफसाहेब लोकांच्या समजुतीचाच हवाला देतात. ज्या कागदावर हे सगळं उभं आहे, तो कागद आपल्यापुढे नाही. आनंदीबाई निर्दोष होती असं मी म्हणत नाही. नवऱ्याला पेशवाई मिळावी असं तिला वाटतच असणार, आणि वाड्यातल्या कारस्थानांपासून ती अगदी अलिप्त राहिली असेल हेही पटत नाही. पण ‘वाटत असणार’ आणि ‘तिनं अक्षर बदललं’ यांत मोठं अंतर आहे. ते अंतर लोकांनी बोलता बोलता ओलांडलं आणि रंगभूमीनं त्यावर पक्का पूल बांधला. खाडिलकरांचं ‘भाऊबंदकी’ १९०९ सालचं. प्रभातचा ‘रामशास्त्री’ १९४४ साली आला, त्यात आनंदीबाईच्या भूमिकेत ललिता पवार होत्या. ते डोळे ज्यांनी पाहिले, त्यांना कागदाची गरजच उरली नसेल.

मला खरं कुतूहल आहे ते दुसऱ्याच गोष्टीचं. ज्याच्यावर रामशास्त्र्यांनी दोष ठेवला, त्या रघुनाथाचं नाव ठेवताना महाराष्ट्रात कुणाचा हात अडखळला? रघुनाथ, राघव, राघोबा ही नावं आपण बिनदिक्कत ठेवत आलो. तुम्ही म्हणाल, ते रामाचं नाव आहे. खरं आहे. पण तेवढंच नाही. राघोबादादांना सांगायला दुसरी गोष्ट आहे. १७५८ साली त्यांच्या फौजांनी लाहोर घेतलं, मराठी घोडी अटकेपर्यंत गेली, आणि त्याबद्दल ‘राघोभरारी’ असं कौतुकाचं नावही त्यांना मिळालं. याच गृहस्थांनी मार्च १७७५ मध्ये सुरतेला मुंबईकर इंग्रजांशी तह केला आणि गादीसाठी साष्टी-वसई देऊ केली. पुढे मराठी राज्याला ते केवढं महागात पडलं! तरी आपल्या तोंडी राहिली ती भरारी. आनंदीबाईच्या वाट्याला एकच गोष्ट आली आणि तीही एका अक्षराची.

याच घराण्यातली नावं पाहा. नारायणरावांचा मुलगा त्यांच्या मृत्यूनंतर, १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर जन्मला. त्याला खून झालेल्या बापाचं नाव न देता कर्तृत्ववान चुलत्याचं, माधवरावांचं दिलं. तेच सवाई माधवराव. आणि खुद्द आनंदीबाईच्या मुलांची नावं? नवरा पुण्याच्या फौजांपुढे पळत असताना ती धारच्या किल्ल्यात बाळंत झाली, जानेवारी १७७५ मध्ये. मुलाचं नाव ठेवलं बाजीराव, आजोबांचं. रघुनाथराव १७८३ च्या डिसेंबरात कोपरगावला वारले, त्यानंतर काही महिन्यांनी दुसरा मुलगा झाला. तो चिमाजी, वसई जिंकणाऱ्या चुलत आजोबांच्या नावाचा. घरातली सगळ्यांत उजळ दोन नावं बदनाम आईच्या पाळण्यावर म्हटली गेली. त्यातल्या बाजीरावानं १८१८ मध्ये राज्य घालवलं आणि ‘पळपुटा’ हे विशेषण मिळवलं. तरी आजोबांच्या नावाला धक्का लागला नाही. दोघांत घोटाळा होऊ नये म्हणून आपण थोरले बाजीराव, दुसरे बाजीराव असं म्हणून घेतो. पुरुषांच्या नावांसाठी आपल्याकडे अशा सोयी पुष्कळ आहेत. सोलापूर-मराठवाड्याकडे बिभीषण नावाची माणसं भेटतात. भावाचा पक्ष सोडून शत्रूला मिळालेला तो, आणि नावाचा अर्थ भयंकर, तरी ठेवतात. कौसल्या-सुमित्राही सापडतात. कैकेयी मला अजून भेटलेली नाही.

मग आनंदी हे नाव कैकेयीच्या वाटेनं कसं गेलं नाही? मला वाटतं, ते वाचलं त्याच्या अर्थामुळे. कैकेयी या शब्दाचा आपल्या रोजच्या बोलण्यात काही उपयोग नाही, तिथं गोष्टच तेवढी उरते. ‘आनंदी’ शब्द मात्र दिवसातून दहा वेळा तोंडात येतो. आणि आपल्याकडे लग्नात सुनेचं नाव बदलायची रीत होती, ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहायची. त्या वेळी असा शब्द पटकन सुचणारच.

कल्याणची यमुना. १८७४ मध्ये, नवव्या वर्षी, तिचं गोपाळराव जोशांशी लग्न झालं आणि तिचं नाव आनंदी झालं. खुनाला तेव्हा शंभर वर्षं होऊन गेली होती, पण पेशवाई जाऊन साठ वर्षंही झाली नव्हती. पेशवाई पाहिलेली म्हातारी माणसं तेव्हा अजून हयात असतील. हीच आनंदी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून डॉक्टर झाली आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, बावीस वर्षंही पुरी व्हायच्या आत, पुण्यात वारली. नंतर १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी पुण्यातच गोदूबाई नावाच्या विधवेशी लग्न केलं. पुणं खवळलं, मुरूडच्या गावकऱ्यांनी बहिष्कार घातला. एवढं वादळ अंगावर घेतलेल्या नवरीचंही नाव ठेवलं ते आनंदी. म्हणजे शनिवारवाडा ज्या शहरात उभा आहे, त्याच शहरात, लोकांचे डोळे आपल्यावर आहेत हे ठाऊक असताना, कर्व्यांना हे नाव अपशकुनी वाटलं नाही. आपण एकविसाव्या शतकात बसून बिचकायचं, हे मला जरा गंमतीचं वाटतं.

आत्यांचं म्हणणं अगदीच फोल होतं असंही नाही. वर्गात पेशवाईचा धडा आला की पोरं दोन दिवस चिडवतील. पण त्याच मुलीला ‘आनंदीगोपाळ’ हातात देता येईल, श्री. ज. जोशांची १९६८ सालची ती कादंबरी अजून वाचली जाते. आणि दूरचित्रवाणीवर २००८ मध्ये ‘बालिका वधू’ सुरू झाली, तिची नायिका आनंदी. त्या वर्षांत घरोघरी जी आनंदी ठाऊक झाली, तिचा शनिवारवाड्याशी काही संबंध नव्हता.

खुद्द आनंदीबाईची अखेर नाशिकजवळ झाली, १७९४ साली. नाना फडणीसांच्या पहाऱ्यात, दोन मुलांसह. ते गाव आनंदवल्ली. तिच्यावरूनच ते नाव पडलं असं सांगतात. आता गाव शहरात मिसळून गेलं आहे. गंगापूर रस्त्यानं जाताना आनंदवल्ली लागते, रिक्षावाला नाव ऐकून मीटर टाकतो, आणि घराच्या पाटीवर ते नाव लिहायला कुणाला संकोच वाटत नाही.