दोरखंडाआडचा प्लेग : सॅन फ्रान्सिस्को, १९००–१९०८

६ मार्च १९०० रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये, ग्लोब हॉटेल नावाच्या दाटीवाटीच्या इमारतीत राहणारा ४१ वर्षांचा एक चिनी मजूर मरण पावला. प्रेताची तपासणी करणाऱ्या पोलीस डॉक्टराला जांघेत सुजलेल्या गाठी आढळल्या. मुंबई-पुण्याच्या लोकांना या गाठींची ओळख तीन-चार वर्षांपूर्वीच झाली होती. १८९४ मध्ये हाँगकाँगला हाहाकार माजवून ही साथ १८९६ च्या पावसाळ्याअखेरीस मुंबईच्या मांडवी भागात उतरली, तेथे डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी तिचे निदान केले. डिसेंबर १८९९ मध्ये ती होनोलुलूस पोहोचली, आणि पॅसिफिक ओलांडून आता अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आली. चिनी पंचांगाप्रमाणे ३१ जानेवारी १९०० पासून उंदराचे वर्ष सुरू झाले होते. हा निव्वळ योगायोग. पण पुढे आठ वर्षे या शहराचे भवितव्य खरोखरच उंदरांच्या हाती राहिले.

अमेरिकेतील साथींच्या इतिहासात या प्रकरणाला वेगळे स्थान आहे. एकाच शहरात एकाच रोगाला तोंड देण्याच्या दोन परस्परविरुद्ध रीती येथे लागोपाठ वापरल्या गेल्या आणि दोन्हींची फळे नोंदवली गेली.

पहिली रीत दुसऱ्याच दिवशी दिसली. ७ मार्चच्या पहाटे पोलिसांनी चायनाटाउनभोवती दोरखंड बांधले. आतल्या गोऱ्या माणसांना बाहेर काढले आणि चिनी माणसांना आत कोंडले. रोगाचे निश्चित निदान तेव्हा झालेलेच नव्हते. मृताच्या गाठींतील द्रव एंजल बेटावरील क्वारंटाइन केंद्रात जोसेफ किनयून या संघराज्याच्या अधिकाऱ्याकडे पाठवण्यात आला, आणि त्याने तो गिनीपिग, उंदीर व माकड यांना टोचला. प्राणी लगेच मेले नाहीत, तेव्हा वृत्तपत्रांनी खिल्ली उडवली. आरोग्य मंडळाने पैसे उकळण्यासाठी हे भूत उभे केले आहे, असे आरोप झाले. अडीच दिवसांत दोरखंड सुटले. त्यानंतर प्राणी मेले आणि प्लेग सिद्ध झाला. पण शहराने मत आधीच बनवून टाकले होते.

किनयून हा काही सामान्य डॉक्टर नव्हता. १८८७ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावर त्याने एका खोलीत सुरू केलेल्या प्रयोगशाळेतूनच पुढे अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था उभी राहिली. त्याचे शास्त्र बिनचूक होते. माणसांशी वागण्याची कला मात्र त्याच्याजवळ जवळपास नव्हती.

चायनाटाउनमधील अविश्वास समजून घ्यायचा तर त्या लोकांच्या आठवणी पाहाव्या लागतात. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेची दारे बंद झाली होती. त्याआधी १८७६ मध्ये देवीची साथ आली तेव्हा तिचे खापर याच वस्तीवर फुटले होते. आणि अगदी ताजी गोष्ट म्हणजे होनोलुलूची: प्लेगग्रस्त घरे जाळण्यासाठी लावलेली आग २० जानेवारी १९०० रोजी वाऱ्याने भडकली आणि तेथील चायनाटाउन भस्मसात झाले. हजारो लोक बेघर झाले. ही बातमी सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रत्येक चिनी दुकानात पोहोचली होती. तेव्हा आरोग्य अधिकारी दारात आला की त्याच्या मागोमाग काडी येणार, ही भीती निराधार म्हणता येत नाही.

त्यात धर्मभावनेची भर पडली. परदेशात मेलेल्या माणसाच्या अस्थी काही वर्षांनी उकरून मायदेशी पूर्वजांच्या भूमीत पाठवायच्या, असा अमेरिकेतील चिन्यांचा रिवाज होता. प्रेताची चिरफाड किंवा सक्तीचे दहन म्हणजे मृताला कायमचे परके करणे. आजारी माणसाची खबर दिली तर त्याच्या देहाची अशी गत होणार, हे कळल्यावर लोक आजारी माणसे लपवू लागले. रातोरात दुसरीकडे हलवू लागले. मृत्यू दडवू लागले. साथीचा माग काढणाऱ्यांच्या हाती पुष्कळदा फक्त प्रेतच लागे.

मे १९०० मध्ये वॉशिंग्टनहून सर्जन जनरल वॉल्टर वायमनचा आदेश आला, की चिनी वस्तीला हाफकिनची लस टोचावी. ही तीच लस, जी वाल्डेमार हाफकिन याने मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली होती. तिच्यामुळे हात सुजे, सणसणून ताप येई, दोन दिवस माणूस अंथरुणावर पडे. रोज कमावून रोज खाणाऱ्याला ते परवडणारे नव्हते. विष टोचून आपल्याला मारण्याचा हा डाव आहे, अशी अफवा उठली. चिनी व्यापारी संघांची शिखर संस्था असलेल्या सिक्स कंपनीजवर लोक चालून गेले आणि लसीकरण जवळजवळ बंद पडले.

मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल. मुंबईत ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. रुग्णालयात नेलेल्या माणसाच्या शरीरातून डॉक्टर मोमियाई काढतात, अशी वदंता तेव्हा पसरली होती. पुण्यात प्लेग कमिटीचा अध्यक्ष वॉल्टर रँड याने घरझडतीसाठी गोरे सैनिक घरांत, देवघरांत घुसवले. बायकांची तपासणी उघड्यावर झाल्याच्या तक्रारी झाल्या. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी त्याच्यावर गोळी झाडली. त्याच वर्षी १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या होत्या. सैनिकांना पाहून रुग्ण लपवणारे पुणे आणि सावित्रीबाईंच्या दवाखान्यात रुग्ण आणणारे पुणे एकच होते.

सॅन फ्रान्सिस्कोतील संघर्ष बंदुकीपर्यंत न जाता न्यायालयात गेला. लस टोचल्याचा दाखला नसेल तर चिनी वा जपानी माणसाने शहर सोडू नये, असा नियम निघाला होता; गोऱ्यांना तो लागू नव्हता. वाँग वाय खटल्यात न्यायमूर्ती विल्यम मॉरो यांनी मे अखेरीस तो रद्द ठरवला. लगोलग चायनाटाउनला पुन्हा वेढा पडला. या वेळी सीमारेषा इतक्या वाकड्यातिकड्या आखल्या होत्या, की गोऱ्यांची दुकाने अचूक वगळली जावीत. एका चिनी किराणा दुकानदाराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ज्यू हो खटल्यात, १५ जून रोजी, मॉरो यांनी हाही वेढा उठवला. रोग खरोखरच आत असेल तर निरोगी माणसांना त्याच्यासोबत कोंडल्याने धोका वाढतो, असेही त्यांनी निकालात दाखवून दिले. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यात हा निकाल आजही अभ्यासला जातो.

अंधश्रद्धा मात्र चायनाटाउनच्या दोरखंडाआडच होती, असे समजणे चुकीचे ठरेल. प्लेग हा भात खाणाऱ्या, मांस न परवडणाऱ्या आशियाई माणसांचा रोग असून गोऱ्या कातडीला तो सहसा बाधत नाही, हा समज तेव्हाच्या सुशिक्षित अमेरिकेत सर्रास प्रचलित होता. पोल-लुई सिमों याने १८९८ मध्येच कराचीत उंदरावरील पिसवांमुळे रोग पसरतो हे दाखवले होते. पण त्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नव्हता. म्हणून गंधकाचा धूर, चुना आणि कार्बोलिक आम्ल यांचा मारा गटारांत चालला होता. त्याने उंदीर मरण्याऐवजी शेजारच्या गल्लीत पळत. उलट कुमाऊँ-गढवालच्या डोंगरांतील अडाणी समजले जाणारे लोक उंदीर पडू लागले की गाव सोडून रानात राहायला जात. या एका बाबतीत त्यांचे निरीक्षण महानगरांतील आरोग्य मंडळांपेक्षा सरस होते.

सर्वांत महाग पडलेला अविश्वास मात्र राज्याच्या सर्वोच्च आसनावर होता. गव्हर्नर हेन्री गेज यांनी कॅलिफोर्नियात प्लेग असल्याचे सपशेल नाकारले. इतर राज्यांनी कॅलिफोर्नियाच्या मालावर बंदी घातली तर फळांचा व्यापार बुडेल, रेल्वे आणि बंदर ओस पडेल, ही धास्ती त्यामागे होती. जानेवारी १९०१ मध्ये विधिमंडळापुढे त्यांनी किनयूननेच प्रेतांत जंतू घातले असावेत असे सूचित केले. प्लेगच्या बातम्या प्रसिद्ध करणे गंभीर गुन्हा ठरावा, असा प्रस्तावही मांडला. मोमियाईची वदंता आणि हा आरोप यांत फरक इतकाच, की एक निरक्षर मजुरांच्या तोंडी होती आणि दुसरा सरकारी कागदावर छापला गेला.

वॉशिंग्टनने सायमन फ्लेक्सनर, फ्रेडरिक नोवी आणि लुएलिस बार्कर या तीन शास्त्रज्ञांचे मंडळ पाठवले. त्यांनी फेब्रुवारी १९०१ मध्ये तपासणी करून प्लेग असल्याचा निर्वाळा दिला. त्यावर गेज आणि वायमन यांच्यात समझोता झाला: राज्य सफाईस मदत करील, अहवाल मात्र गुलदस्त्यात राहील. मार्चमध्ये ‘सॅक्रामेंटो बी’ या वृत्तपत्राने तो फोडला. किनयूनची बदली झाली. खरे सांगणाऱ्याला हलवून खोटे सांगणाऱ्याची मर्जी राखली गेली, हे या प्रकरणातले सर्वांत लाजिरवाणे पान.

याच सुमारास रूपर्ट ब्लू हा तरुण डॉक्टर शहरात आला. त्याने चायनाटाउनच्या सीमेवरच कचेरी आणि प्रयोगशाळा थाटली. सिक्स कंपनीजशी संबंध असलेल्या एका चिनी दुभाष्याला सोबत घेतले, आणि त्याच्या शब्दावर दारे उघडू लागली. जानेवारी १९०३ मध्ये जॉर्ज पार्डी गव्हर्नर झाले. ते स्वतः डॉक्टर होते. नाकारण्याचे राजकारण थांबले. ब्लूने वस्तीऐवजी उंदरांना लक्ष्य केले: कुजकी लाकडी बांधकामे पाडली, तळघरांत काँक्रीट ओतले, सापळे लावले. फेब्रुवारी १९०४ मध्ये शेवटचा रुग्ण नोंदला गेला. तोवर सव्वाशेच्या आसपास माणसांना लागण झाली होती आणि त्यांतील बहुतेक सर्व दगावली होती. जवळजवळ सगळे चिनी.

१८ एप्रिल १९०६ च्या भूकंपाने आणि आगीने शहर उद्ध्वस्त झाले. तंबूंत राहणाऱ्या माणसांबरोबर उंदरांचीही चंगळ झाली. मे १९०७ मध्ये प्लेग परतला. या वेळी रुग्ण बहुतांशी गोरे होते आणि शहरभर विखुरलेले होते. भात खाणाऱ्यांच्या रोगाचा सिद्धान्त कोणी काही न बोलता मागे पडला. नवे महापौर एडवर्ड टेलर यांनी लपवाछपवी न करता थेट राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्याकडे मदत मागितली, आणि ब्लू परत आला.

फिलमोर रस्त्यावरील एका घरात त्याने मुख्यालय उघडले. शहराचे विभाग पाडले. पकडलेला प्रत्येक उंदीर कोणत्या जागी सापडला याची चिठ्ठी लावून तेथे येई, फळीवर खिळ्यांनी ठोकला जाई, चिरून तपासला जाई आणि नकाशावर खूण होई. उंदरामागे बक्षीस मिळे. व्यापारी, महिला मंडळे, चर्च आणि शाळा यांच्यापुढे ब्लू आणि त्याचे सहकारी व्याख्याने देत फिरले. कचऱ्याच्या डब्याला झाकण कसे असावे, कोंबड्यांच्या खुराड्याखाली काय असते, अशा साध्या गोष्टी. लाखो उंदीर मारले गेले. सुमारे १६० रुग्णांपैकी निम्म्याच्या आसपास मरण पावले, आणि १९०८ च्या अखेरीस साथ संपली. लागण अधिक, मृत्यू कमी. कारण या वेळी माणसे आजारी पडल्याबरोबर डॉक्टरकडे येत होती. वस्तीला वेढा एकदाही पडला नाही. ब्लू १९१२ मध्ये देशाचा सर्जन जनरल झाला.

गमावलेल्या वर्षांची किंमत मात्र पुढे चुकवावी लागली. १९०८ मध्ये खाडीपलीकडच्या परगण्यांतील भुईखारींमध्ये प्लेगचे जंतू सापडले. तेथून ते रानटी कृंतकांतून पूर्वेकडे रॉकी पर्वतरांगांपर्यंत पसरले आणि तेथेच मुरले. अमेरिकेत आजही दरवर्षी सरासरी सात माणसांना प्लेग होतो. प्रतिजैविके वेळेवर मिळाली तर तो बरा होतो. तरी जुलै २०२५ मध्ये उत्तर ॲरिझोनात एक माणूस त्याने दगावला.

अविश्वासाचे जुने रूप आता गोवराच्या साथींत दिसते. २०२५ मध्ये टेक्सासच्या पश्चिम भागात, गेन्स परगण्यातील लस न घेतलेल्या मेनोनाइट कुटुंबांतून सुरू झालेली साथ ७६२ रुग्णांपर्यंत पोहोचली. शाळकरी वयाची दोन मुले मरण पावली. ‘अ’ जीवनसत्त्व भरपूर दिले की गोवर टळतो, या समजापायी काही मुलांच्या यकृतावर परिणाम झाल्याचे डॉक्टरांना आढळले.

मिनेसोटातील सोमाली वस्तीची गोष्ट चायनाटाउनच्या अधिक जवळची आहे. २००४ मध्ये तेथील दोन वर्षांच्या सोमाली मुलांपैकी ९२ टक्क्यांना गोवराची लस मिळालेली होती. म्हणजे लशीला विरोध ही या समाजाची परंपरा नव्हती. आपल्या मुलांत स्वमग्नता वाढते आहे अशी चिंता पालकांना वाटू लागली, तिला समाधानकारक उत्तर मिळाले नाही, आणि ती पोकळी लसविरोधी प्रचारकांनी भरली. अँड्र्यू वेकफील्ड स्वतः मिनियापोलिसला येऊन गेला. २०१४ पर्यंत लसीकरण ४२ टक्क्यांवर घसरले. २०१७ मध्ये राज्यात ७५ जणांना गोवर झाला, बहुतेक सोमाली मुले. तेव्हा आरोग्य खात्याने सोमाली भाषक कार्यकर्ते घरोघर पाठवले, इमामांशी बोलणी केली, वेढा न घालता ती साथ आटोक्यात आणली. पालकांच्या मनातील मूळ प्रश्न तसाच राहिला. २०२४ मध्ये त्याच राज्यात गोवराचे पुन्हा सुमारे ७० रुग्ण आढळले.