सुरतेच्या वाटेवरचे प्रतिनिधी

सफाळ्याहून गाडी दक्षिणेकडे निघाली की थोड्याच वेळात वैतरणेची खाडी लागते. उत्तरेकडे निघाली तर केळवे रोड, पालघर, बोईसर, डहाणू करीत ती गुजराथेत शिरते. १८६४ सालच्या अखेरीस ह्या वाटेने मुंबई आणि सुरत ही दोन बंदरे रुळांनी जोडली गेली. तांदुळवाडीच्या किल्ल्यावरून खाली पाहिले तर हा मार्ग भाताच्या खाचरांमधून सरळ आखलेल्या रेघेसारखा दिसतो. ह्याच रेघेवरून १९०७ सालच्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे प्रतिनिधी सुरतेच्या अधिवेशनाला गेले. त्यांत पागोटी होती, फेटे होते, इंग्रजी टोप्या होत्या. ही मंडळी देशाच्या नावाने बोलायला निघाली होती. गाडी मात्र ज्या मुलखातून जात होती तेथल्या कुणाला तुमच्यासाठी काय मागू, असे विचारायची त्यांना गरज वाटली नव्हती. त्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. प्रतिनिधी म्हणजे कुणाचा प्रतिनिधी, हा प्रश्नच त्या काळी नुकता कुठे डोके वर काढू लागला होता.

पुण्याने मात्र तो फार लवकर विचारला होता. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली तेव्हा तिने एक विलक्षण नियम केला. सभासद व्हायचे तर निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे. पहिले ९५ सभासद असे सहा हजारांवर लोकांच्या सह्या घेऊन आले. त्या सभासदांत सरदार होते, इनामदार होते, सावकार आणि वकील होते. सह्या करणारेही बहुधा त्यांच्याच वर्तुळातले असतील. तरी पण मुखत्यारपत्र हा शब्द पहावा. तो कोर्टकचेरीतला शब्द आहे. दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करायचा तर त्याचा कागद हाती हवा, ही साधी व्यवहारी अक्कल त्या नियमामागे होती. पुढच्या पन्नास वर्षांत राष्ट्रीय सभेला जी गोष्ट भांडून, फुटून, पुन्हा जुळून शिकावी लागली, तिचे बीज ह्या कागदात आहे असे मला वाटते.

१८८५ सालची पहिली राष्ट्रीय सभा पुण्यालाच भरायची, आणि सार्वजनिक सभाच यजमान व्हायची. पण पुण्यात पटकीची साथ आली आणि २८ डिसेंबरला सभा मुंबईत, गोवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरली. प्रतिनिधी ७२. त्यांना कुणी निवडून दिले होते? खरे सांगायचे तर बहुतेकांना कुणीच नाही. ज्याला निमंत्रण गेले आणि ज्याला सवड होती तो आला. दुसऱ्या वर्षीपासून संस्थांनी आणि जाहीर सभांनी माणसे निवडून पाठवायची पद्धत पडली. पण एखाद्या गावी दहावीस मंडळी जमली आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या की निवडणूक झाली, असाच एकंदर प्रकार होता. मुंबईच्या १८८९ च्या अधिवेशनाला प्रतिनिधी आले ते नेमके १८८९. योगायोगाची गंमत सर्वांना वाटली, आणि एवढ्या मंडळींत विचारविनिमय कसा व्हायचा ही धास्तीही वाटली, तेव्हा पुढे संख्या हजाराच्या आसपास आणायचे ठरले. पंडिता रमाबाई त्या सभेत प्रतिनिधी म्हणून बसल्या होत्या, हेही येथे नोंदवून ठेवावे.

आता सुरत. १९०६ साली कलकत्त्यास दादाभाईंच्या अध्यक्षतेखाली स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण असे चार ठराव झाले होते. ते सौम्य होणार की काय, ही टिळकपक्षाची शंका होती. पुढचे अधिवेशन नागपूरला व्हायचे, ते फिरोजशहा मेहतांच्या मंडळींनी सुरतेला नेले. सुरत मुंबई इलाख्यात. यजमान प्रांताचा माणूस अध्यक्ष करायचा नाही असा संकेत. म्हणजे टिळकांचे नाव आपोआप बाजूला. सोळाशेवर प्रतिनिधी जमले. २६ डिसेंबरला अध्यक्षपदासाठी रासबिहारी घोष ह्यांच्या नावाची सूचना आली, सुरेंद्रनाथ बॅनर्जी अनुमोदनाला उभे राहिले, आणि आरडाओरड अशी झाली की त्यांच्यासारख्या वक्त्याचाही आवाज पोहोचेना. सभा तहकूब. दुसऱ्या दिवशी पुढे जे घडले ते शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. तांबड्या चामड्याचा, टोकाशी वळलेला एक दक्षिणी जोडा व्यासपीठाकडे आला, सुरेंद्रनाथांच्या गालाला लागून फिरोजशहांवर आदळला, मग खुर्च्या आणि काठ्या चालल्या, आणि शेवटी पोलिसांनी मंडप रिकामा केला. नेव्हिन्सन नावाचा इंग्रज पत्रकार तेथे हजर होता. त्याने हे सारे मोठ्या रंगतीने लिहून ठेवले आहे.

त्या जोड्याने इतिहासाचे नुकसान केले. जोड्याची गोष्ट प्रत्येकाला ठाऊक आणि त्याआधीच्या चिठ्ठीची फारच थोड्यांना. टिळकांनी स्वागताध्यक्ष मालवींकडे एक चिठ्ठी पाठवली होती: अध्यक्षांच्या निवडीला अनुमोदन झाल्यावर मला तहकुबीची सूचना मांडायची आहे. एका प्रतिनिधीने सभेच्या रीतीप्रमाणे मागितलेली ती बोलण्याची परवानगी होती. तिला उत्तर आले नाही. टिळक आपण होऊन व्यासपीठावर चढले, सूचना नियमबाह्य ठरवली गेली, आणि ते हाताची घडी घालून अध्यक्षांसमोर उभे राहिले. गोंधळ त्यानंतरचा. टिळकांची सूचना मताला टाकली असती तर बहुधा पडली असती. पण ती मताला टाकायचीच नाही असे ठरल्यावर प्रतिनिधी ह्या शब्दाला उरतो काय? तो टाळ्या वाजवायला आलेला प्रेक्षक होतो. नेमस्तांची बाजूही हलकी नव्हती. बाविस्तेवीस वर्षे जपलेली संस्था सरकारच्या एका फटक्यासरशी मोडली जाईल ही गोखल्यांची भीती पोकळ नव्हती, आणि पुढच्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला जावे लागले ह्यावरून तो फटका कसा असतो तेही दिसले.

२८ तारखेला नेमस्तांनी सुरतेतच आपले वेगळे ‘कन्व्हेन्शन’ भरवले. साम्राज्यांतर्गत स्वराज्य आणि तेही सनदशीर मार्गाने, ह्या प्रतिज्ञेवर सही करणाऱ्यालाच आत प्रवेश. त्या मंडळींच्या समितीने एप्रिल १९०८ मध्ये अलाहाबादला राष्ट्रीय सभेची घटना तयार केली. प्रतिनिधी निवडण्याचा हक्क ठरावीक कमिट्यांना आणि मान्य संस्थांना राहिला. रस्त्यावरच्या जाहीर सभेला तो उरला नाही. म्हणजे मुखत्यारपत्र आले खरे, पण ते दार उघडण्यासाठी नव्हे, लावून घेण्यासाठी आले. सात वर्षे दार असेच लागलेले होते. १९१५ साली गोखले गेले, फिरोजशहा गेले, आणि त्याच डिसेंबरात मुंबईला नियम सैल करण्यात आले. १९१६ साली लखनौला टिळक पुन्हा प्रतिनिधी म्हणून बसले.

खरा फरक नागपूरच्या १९२० च्या अधिवेशनाने पडला. तेथे १४,५८२ प्रतिनिधी जमले होते. त्या गर्दीतूनच नवी घटना निघाली. वर्षाला चार आणे देईल आणि ध्येय मान्य करील तो सभासद, गावापासून प्रांतापर्यंत कमिट्यांची उतरंड, प्रांत भाषेप्रमाणे, आणि प्रतिनिधी लोकसंख्येच्या प्रमाणात, सुमारे सहा हजार. पुण्याच्या पन्नास सह्यांच्या जागी चवन्नी आली. पुढच्या वर्षी अहमदाबादच्या मंडपात खुर्च्याच नव्हत्या, सारे जमिनीवर बसले. सुरतेला खुर्च्यांचा काय उपयोग झाला होता ते आठवूनच त्या काढल्या असाव्या, असे म्हणण्याचा मोह होतो! १९३६ साली फैजपूरला अधिवेशन प्रथमच खेड्यात भरले, आणि फेब्रुवारी १९३८ मध्ये तापीकाठच्या हरिपुऱ्याला सुभाषबाबूंची मिरवणूक एक्कावन्न बैलांच्या रथातून निघाली. मुंबईकडून हरिपुऱ्याला जाणाऱ्यांची वाट हीच, सफाळ्यावरून.

एक गोष्ट मात्र चार आण्यांनीही साधली नव्हती. रुळांच्या पश्चिमेला समुद्रकाठी वाडवळ, मांगेला, भंडारी ह्यांची बागायतीची आणि मासेमारीची गावे. तेथे चळवळ पोहोचली होती, आणि खोल पोहोचली होती. ८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री गोवालिया टँकवर, म्हणजे १८८५ च्या त्या पाठशाळेच्या परिसरातच, अखिल भारतीय काँग्रेस कमिटीने ‘छोडो भारत’चा ठराव संमत केला, आणि सहाच दिवसांनी, १४ ऑगस्टला, पालघरच्या मोर्च्यावर गोळीबार होऊन पाच जण पडले. त्यांत सातपाटीचा होता, नांदगावचा होता, मुरब्याचा होता. त्यांच्यापैकी एकाच्याही हाती त्या कमिटीचे मतपत्र नव्हते. पालघरचा हुतात्मा चौक त्यांचाच.

रुळांच्या पूर्वेला डोंगरात वारली राहत होता. तो जमीनदाराच्या वेठीला होता, लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेला. चार आणे त्याच्याकडे नव्हते, आणि असते तरी वेठीवरून सुटून अधिवेशनाला जाण्याइतका तो स्वतःच्या दिवसाचा धनी नव्हता. जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेची परिषद टिटवाळ्याला भरली, तेव्हा उंबरगावकडचे काही वारली तेथे गेले. शामराव आणि गोदावरी परुळेकरांचा त्यांच्याशी संबंध आला, आणि २३ मे रोजी तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली स्वतःच्या सभेला जमले. वेठ करायची नाही, असे तेथे ठरले. ठरवणारा आणि ज्याच्यासाठी ठरायचे तो, दोघे एकच होते. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हे पुस्तक त्या दिवसांचे आहे. किसान सभेचे राजकारण ज्यांना मानवत नाही त्यांनीही ते वाचण्यासारखे आहे.

१९५५ साली किसान सभेचे अखिल भारतीय अधिवेशन डहाणूला भरले. अध्यक्ष क्रांतिसिंह नाना पाटील, साताऱ्याचे. देशभरचे प्रतिनिधी आले. मुंबईकडून येणारे वैतरणेचे पूल ओलांडून, सफाळे, केळवे, पालघर मागे टाकीत आले, पण सुरतेला न जाता डहाणू रोडला उतरले.