काचेवर पाणी येत नाहीये? कारचा वॉशर पंप घरच्या घरी असा बदलता येतो

पावसाळ्यात हायवेवर पुढच्या ट्रकने उडवलेला चिखल काचेवर बसला की हात आपोआप वायपरच्या दांडीकडे जातो. वायपर फिरले पण पाणीच आलं नाही, तर चिखल निघायच्या ऐवजी काचभर पसरतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत जवळपास ६६ मीटर अंतर कापते. तेवढं अंतर समोरचं न दिसता कापायचं, म्हणजे जिवाशी खेळ.

हे पाणी फेकतो तो वॉशर पंप. १२ व्होल्टवर चालणारी ही मुठीत मावेल एवढी मोटर पाण्याच्या टाकीच्या तळाशी एका रबरी बुचात बसवलेली असते. दुकानात मागताना ‘वॉशर मोटर’ असंच सांगावं. नुसतं ‘वायपरची मोटर’ म्हटलं, तर वायपर फिरवणारी मोठी मोटर समोर यायची, आणि तिची किंमत ऐकून धक्का बसायचा.

पण पंपच बिघडलाय कशावरून?

नवा पंप आणण्याआधी इथे दहा मिनिटं घालवणं फायद्याचं आहे. टाकीत पाणी आहे ना, हे आधी बघावं. मग इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन चालू करावं, दांडी ओढावी आणि कान द्यावा. ‘घुंईं’ असा आवाज येतोय पण पाणी नाही, तर मोटर चालू आहे. अशा वेळी नोझलमध्ये कचरा अडकलेला असतो, नळी निसटलेली किंवा फाटलेली असते, नाहीतर पंपाच्या तोंडाशी असलेली जाळी शेवाळाने भरलेली असते. नोझल बारीक सुईने साफ होतं.

आवाजच नाही, तर आधी फ्यूज तपासावा. कोणता ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. फ्यूज ठीक असेल तर पंपाचा कनेक्टर काढून त्यावर मल्टिमीटर लावावा आणि दुसऱ्याला दांडी ओढायला सांगावं. १२ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला, म्हणजे वीज पोहोचतेय आणि पंप गेलाय. आकडाच येत नसेल तर दोष वायरिंगमध्ये किंवा दांडीच्या स्विचमध्ये आहे. तिथे नवा पंप लावूनही उपयोग नाही.

हॅचबॅकवाल्यांसाठी आणखी एक खूण. अनेक गाड्यांत पुढच्या आणि मागच्या काचेसाठी एकच पंप असतो. मोटर एका दिशेने फिरली की पाणी पुढे, उलट फिरली की मागे. त्यामुळे मागे पाणी येतंय आणि पुढे नाही, तर संशय आधी नळीवर आणि नोझलवर घ्यावा.

बदलताना

काही गाड्यांत पंप बोनेट उघडल्यावर हाताला लागतो. बऱ्याच गाड्यांत तो पुढच्या चाकावरच्या प्लास्टिक आवरणामागे असतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून आवरणाच्या क्लिप काढल्या की बहुधा हात आत जातो. या क्लिप हमखास तुटतात, चार-पाच जादा आणून ठेवाव्यात. गाडी उचलावी लागलीच, तर नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात किंवा डोकं घालू नये. जॅक स्टँड नसेल तर काम गॅरेजला द्यावं. बंपर उतरवावा लागत असेल किंवा गाडी वॉरंटीत असेल, तरीही तेच.

इग्निशन बंद करावं. खाली बादली ठेवावी, कारण पंप निघताच टाकी रिकामी होते. कनेक्टर लॉक दाबून काढावा, वायर ओढून नव्हे. नळ्या दोन असतील तर आधी फोटो काढावा. त्या उलट लागल्या तर पुढची दांडी ओढल्यावर मागची काच धुतली जाते! घट्ट बसलेली नळी गरम पाण्याने सैल होते. जुना पंप हलकेच फिरवत बुचातून बाहेर ओढावा.

रबरी बुच कडक झालं असेल तर तेही बदलावं, नाहीतर नव्या पंपाखालून पाणी ठिबकत राहील. ही रबरी वस्तू पाण्याने ओली करावी, ग्रीस किंवा ऑइल लावू नये, त्याने रबर फुगू शकतं. पंप आत दाबून बसवण्याआधी टाकी विसळून घ्यावी. तळाशी साचलेला गाळ बघून अनेकांना जुना पंप का गेला ते कळतं.

शाम्पूची पुडी टाकलेलं बोअरचं पाणी अनेक टाक्यांत असतं. शाम्पूचा फेस होतो, जड पाण्याचा क्षार नोझलमध्ये बसतो. त्यापेक्षा साधं फिल्टरचं पाणी आणि वॉशर फ्लुइड बरं. टाकी रिकामी असताना दांडी ओढून धरणंही वाईट, कारण पंप पाण्यानेच थंड राहतो.

आवरण परत लावण्याआधी टाकी भरून दांडी ओढून बघावी. नळीतली हवा निघेपर्यंत पाणी यायला काही सेकंद लागतात. बुचाभोवती बोट फिरवून ते कोरडं असल्याची खात्री झाली, की मगच क्लिप दाबाव्यात.