नोरीचं बी शिंपल्यात

सुशीच्या भाताभोवती गुंडाळलेला काळपट हिरवा पापुद्रा म्हणजे नोरी. रंगावर जाऊ नये. ती लाल शेवाळांच्या कुळातली. कुळही भलतंच जुनं. कॅनडातल्या खडकांत सापडलेले लाल शेवाळाचे जीवाश्म सुमारे 100 कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. तेव्हा जमिनीवर गवताचं पातंसुद्धा नव्हतं.

टोकियोचं नाव एदो होतं त्या काळात तिथले कोळी शरदात उथळ पाण्यात बांबूच्या फांद्या रोवत. शेवाळ त्यांवर आपोआप धरे. थंडीत ते खुडायचं, बारीक चिरायचं, पाण्यात कालवून चौकटीतल्या चटईवर पातळ पसरायचं आणि वाळवायचं. हातकागदाचीच ही रीत.

शेती झाली, पण बियाण्याचा पत्ता नव्हता. उन्हाळा आला की शेवाळ नाहीसं होई. पुढच्या हंगामात उगवलं तर उगवलं. कोळी त्याला नशिबाचं गवत म्हणत, ते उगीच नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तर नशीबही रुसलं आणि पीक बुडालं.

उत्तर मिळालं ते इंग्लंडमध्ये. कॅथलीन ड्र्यू-बेकर मँचेस्टर विद्यापीठात शेवाळं शिकवत. 1928 मध्ये लग्न झालं आणि नोकरी गेली, कारण विवाहित स्त्रियांना तिथे पद मिळत नसे. त्या बिनपगारी संशोधन करत राहिल्या. वेल्समध्ये खाल्लं जाणारं, नोरीच्याच गोत्रातलं शेवाळ त्यांनी अभ्यासाला घेतलं. त्याचे बीजाणू शिंपल्यांत शिरून गुलाबी धाग्यांसारखे वाढताना त्यांना दिसले. हे धागे शास्त्रज्ञांच्या ओळखीचे होते. फक्त 1892 पासून ते वेगळ्याच शेवाळाच्या नावावर जमा होते! 1949 मध्ये 'नेचर'मध्ये त्यांनी हा घोळ मिटवला. दोन्ही रूपं एकाच जिवाची.

जपानी शास्त्रज्ञांनी हा धागा लगेच पकडला. आपली नोरीही शिंपल्यांत उन्हाळा काढते, हे त्यांनी ताडून पाहिलं आणि बीजाणू टाक्यांत वाढवायची पद्धत बसवली. आता कालवांच्या शिंपल्यांत धागे पोसतात, पाणी थंड झालं की बीजाणू सुटतात, ते जाळ्यांवर धरवून जाळी समुद्रात ताणतात.

ड्र्यू-बेकर 1957 मध्ये वारल्या. जपान त्यांनी कधी पाहिला नाही. 1963 मध्ये कुमामोतोजवळच्या उतो इथे त्यांचं स्मारक उभं राहिलं. दरवर्षी 14 एप्रिलला नोरी पिकवणारे तिथे जमून या 'समुद्राच्या आई'ला वंदन करतात.