नैराश्याचे प्रकार, औषधे आणि सोलापूरचा उन्हाळा

नैराश्यावर औषध लिहिताना उदासी किती आहे यापेक्षा ती कोणत्या जातीची आहे, हे आधी ठरवावे लागते. मन सलग दोन आठवडे खिन्न, कशात रस नाही, झोप आणि भूक बिघडलेली, मरणाचे विचार, हे तीव्र नैराश्य. दोन वर्षे किंवा जास्त रेंगाळणारी चिवट उदासी वेगळी, बाळंतपणानंतरची वेगळी. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बाईचे नैराश्य ‘अंग मोडून येतं, डोकं जड पडतं’ असे सांगत दवाखान्यात येऊ शकते आणि वेदनाशामक घेऊन परतू शकते. थायरॉईड मंदावला तरी चित्र असेच दिसते, म्हणून रक्ततपासणी आधी.

सर्वांत फसवा प्रकार द्विध्रुवीय नैराश्याचा. समोर बसलेला माणूस खचलेलाच असतो. दोन वर्षांपूर्वी तो आठवडाभर झोपेविना हिंडत होता, उधारीवर माल उचलत होता, हे घरच्यांना विचारल्याशिवाय कळत नाही. त्याला नुसते नैराश्यरोधक दिले तर उन्माद उसळू शकतो.

औषधे सापडली ती बरीचशी योगायोगाने. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आयप्रोनियाझिड हे क्षयावरचे औषध घेणारे रुग्ण अनपेक्षितपणे उल्हसित दिसू लागले. १९५७ मध्ये स्वित्झर्लंडच्या रोलंड कून यांनी इमिप्रामिनचा गुण नोंदवला. उलट दिशेचा धागा मुंबईचा आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरील सर्पगंधेचा उपयोग जगापुढे मांडला. पुढे तिच्यातल्या रेसर्पिनने काही रुग्ण खिन्न झाल्याचे दिसले आणि मेंदूतील रसायनांच्या कमतरतेची कल्पना बळावली. ती कल्पना आज अपुरी ठरली आहे, पण फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एसिटालोप्राम ही नेहमीची औषधे तिच्याच वाटेने आली. त्यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. बरे वाटल्यावरही सहा महिने तरी गोळ्या चालू ठेवाव्या लागतात, आणि नेमक्या इथेच त्या परस्पर बंद होतात.

औषधांच्या पुस्तकात तळटिपेत जाणारी एक बाब सोलापुरात मुख्य मजकुरात यायला हवी, ती म्हणजे ऊन. अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या गोळ्या घाम कमी करू शकतात. नव्या गोळ्यांनी वयस्करांच्या रक्तातले सोडियम घसरू शकते. लिथियमचे प्रकरण याहून गंभीर. द्विध्रुवीय आजारात ते मोलाचे. एरवीच्या नैराश्यातही इतर गोळ्या अपुऱ्या पडल्यास जोडीला देतात. पण उपयुक्त पातळी लिटरमागे साधारण ०.६ ते १ मिलिमोल आणि विषबाधेची चिन्हे १.५ च्या पुढे, म्हणजे अंतर फार थोडे. शरीरातले पाणी आणि मीठ घटले की मूत्रपिंड सोडियमसोबत लिथियमही धरून ठेवते. मे महिन्यात पारा ४३ वर असताना यंत्रमागाच्या शेडमध्ये दिवसभर उभे राहणे, ज्येष्ठातली निर्जळा एकादशी, रमजानचा रोजा, त्यात अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक, यातले काही जुळून आले की पातळी चढते. हात थरथरणे, उलट्या, जुलाब, तोल जाणे, बोबडे बोलणे ही लक्षणे ‘ऊन लागलं’ म्हणून सोडून देण्याजोगी वाटतात. अशा वेळी पुढची गोळी थांबवून लगेच रुग्णालय गाठावे आणि रक्तातील लिथियम मोजावे. दुखण्यावर पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात सुरक्षित. उपवास करायचाच असेल तर डॉक्टरांशी बोलणे आधी व्हावे, आणि उन्हाळ्यातली तपासणी मार्चमध्येच ठरवून घ्यावी.